मिसिंग कधी, धूर कधी? जुन्या मोटरसायकलचं निदान

"गाडी धूर काढायला लागली. म्हणजे आता इंजिन उतरवावं लागणार का?"

जुनी मोटरसायकल वापरणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. पाठोपाठ दुसरा येतो: "चालता चालता झटके देते, मिसिंग करते. प्लग नवा टाकला, तरी तेच. आता काय बदलू?"

इंदूरच्या पलासिया चौराह्यावर कामाच्या वेळी सिग्नलला उभं राहा. जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या या गर्दीत नव्या गाड्यांच्या मधे पंधरा, वीस, पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्प्लेंडर, बॉक्सर, पल्सर अजून दिसतात. दूध घालणारे, कुरिअर पोचवणारे, कोचिंग क्लासला जाणारे विद्यार्थी यांची रोजची भिस्त अशाच गाड्यांवर असते. इंजिनाचं काम निघालं की अशा घरातलं महिन्याचं गणित कोलमडतं. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी दोष ओळखणं फार महत्त्वाचं आहे.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: धूर दिसला म्हणून लगेच इंजिन उतरवायची गरज नसते. दोष कुठे आहे ते गाडी स्वतःच सांगत असते. फक्त आपण तिला "काय होतं?" एवढंच विचारून थांबतो. "कधी होतं?" हा प्रश्न विचारला की अर्ध्याहून अधिक उत्तर हाती येतं.

हे प्रकरण कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शननं घेतली. त्यापूर्वीच्या बहुतेक साध्या गाड्यांना खाली दिलेलं सगळं लागू पडतं.

१. इंजिनाला लागतात तीन गोष्टी

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत ओढतो. वर येताना ते दाबतो. त्या क्षणी प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि पिस्टन जोरानं खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळालेला वायू सायलेन्सरकडे लोटतो. चार हालचालींत एकदा जळण, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा.

हे जळण नीट व्हायला तीन गोष्टी जागेवर हव्यात.

मिश्रण: पेट्रोलच्या एका भागाला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर गॅरेजमध्ये त्याला 'रिच' म्हणतात, हवा जास्त झाली तर 'लीन'.

दाब: आत आलेलं मिश्रण साधारण नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबलं गेलं पाहिजे. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले की दाब निसटतो.

ठिणगी: योग्य क्षणी आणि पुरेशा जोराची.

मिसिंगचं कारण या तीन घरांपैकी एका घरात असतं. कोणत्या घराचं दार ठोठवायचं, ते "कधी" ठरवतं.

२. मिसिंग म्हणजे नेमकं काय

एक छोटं गणित करू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतंय. दोन फेऱ्यांत एकदा जळण, म्हणजे मिनिटाला १,५०० वेळा आणि सेकंदाला २५ वेळा. त्यातलं दहापैकी एक जळण हुकलं तर सेकंदाला दोन-तीन वेळा ताकद तुटते. सीटवर बसलेल्याला तेच झटके जाणवतात.

हुकलेल्या वेळचं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं. तिथे पुढच्या गरम वायूमुळे ते पेटलं की 'फट्' असा आवाज येतो. म्हणून मिसिंगकडे दुर्लक्ष केलं की ॲव्हरेजही घटतं आणि हवाही खराब होते.

३. मिसिंग कधी होतं?

*फक्त सिग्नलवर, गाडी उभी असताना.* इंजिन संथ चालू असताना पेट्रोल कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमधून येतं. त्याचं भोक अगदी बारीक असतं, गाडी महिनाभर उभी राहिली तरी कचऱ्यानं बुजतं. रेस दिल्यावर गाडी छान पळते आणि चौकात थांबताच बंद पडते, तर आधी पायलट जेट साफ करा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला तडा गेला असेल तर तिथून जादा हवा शिरते आणि लक्षण तेच दिसतं.

*फक्त पूर्ण रेस दिल्यावर.* आता मेन जेटकडे पाहा. त्याचबरोबर पेट्रोल कॉकची जाळी आणि एअर फिल्टर तपासा. संथ चालताना पुरणारं पेट्रोल जोरात पळताना कमी पडतं.

*दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग.* गाडी हुकायला लागून बंद पडली की टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी पुन्हा नीट चालली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. दुरुस्ती एका पिनेची.

झाकण उघडून फरक पडला नाही, पण इंजिन थंड झाल्यावर गाडी पुन्हा सुरू होते, तर संशय इग्निशन कॉइल, पल्सर कॉइल किंवा सीडीआय या ठिणगीच्या इलेक्ट्रॉनिक भागावर घ्या. कॉइलच्या आतली तार गरम झाल्यावर सुटते आणि थंड झाली की पुन्हा जोडली जाते. अशा वेळी त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा सुटा भाग थोडा वेळ लावून पाहणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. बुलेट, राजदूत, येझदी यांच्या जुन्या मॉडेलांत सीडीआयऐवजी पॉइंट आणि कंडेन्सर असतात. तिथे ते तपासावेत.

*फक्त गरम इंजिनात, किकही हलकी लागते.* व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट जास्त घट्ट असण्याची शक्यता मोठी. टॅपेट वाजतात म्हणून मालक कुरकुर करतो आणि आवाज बंद व्हावा म्हणून कुणीतरी ते आवळून ठेवतं. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी वाढते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि हळूहळू व्हॉल्व्हची कडा जळते. थोडे वाजणारे टॅपेट परवडतात, घट्ट टॅपेट परवडत नाहीत. त्यांचं अंतर इंजिन पूर्ण थंड असतानाच, कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापानं बसवायचं.

*फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर.* प्लग कॅप आणि प्लगची जाड वायर जुनी झाली की तिला बारीक तडे जातात. ओलाव्यातून वीज प्लगपर्यंत न पोचता इंजिनाच्या धातूत उतरते. रात्री दिवे मालवून, गाडी चालू ठेवून, अंगाला हात न लावता पाहा. फुटलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना स्पष्ट दिसतात.

*पेट्रोल भरल्यानंतर.* पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं. टाकीत पाणी जास्त शिरलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बसतो, आणि कॉक तळाजवळूनच पेट्रोल घेतो. शिवाय इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण थोडं लीन होतं. इथेनॉल विचारात न घेता बनवलेले जुने रबरी पाइप आणि वायसर मऊ पडून कचरा सोडू शकतात. पावसाळ्यात फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कार्ब्युरेटरचा तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाशी वेगळी रेघ दिसली तर दोष तिथेच आहे.

ठिणगी तपासताना एक फसगत नेहमी होते. प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली की "करंट चांगला आहे" असं म्हणून आपण पुढे जातो. पण दाबलेल्या हवेत ठिणगी उडायला मोकळ्या हवेपेक्षा बराच जास्त व्होल्टेज लागतो. बाहेर उडणारी कमजोर ठिणगी आत, ओझ्याखाली विझू शकते. म्हणून ठिणगी निळसर-पांढरी आणि ठसठशीत हवी. पिवळट, बारीक ठिणगीवर भरवसा ठेवू नये. ही तपासणी प्लगच्या उघड्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून दूरच करावी.

४. प्लग काय सांगतो

प्लग तपासायचीही एक वेळ असते. सिग्नलवर थांबत थांबत आलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसतो. बायपासवर चार-पाच किलोमीटर एका वेगानं गाडी चालवा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. इंजिन निवू द्या, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगचे आटे खराब होतात. मग प्लग काढा.

मधल्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकावर हलका तपकिरी रंग असेल तर मिश्रण आणि ठिणगी दोन्ही ठीक. कोरडी, मखमली काजळी असेल तर मिश्रण रिच. टोक पांढरंफटक असेल तर मिश्रण लीन. अशी गाडी फार जोरात चालवू नये, पिस्टन तापून अडकू शकतो. टोक काळं, ओलं आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. ओलं आहे पण पेट्रोलचा वास येतो, तर पेट्रोल येतंय आणि ठिणगी पडत नाही.

प्लगच्या दोन टोकांतलं अंतर अशा अनेक १०० सीसी गाड्यांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतं. झिजून ते वाढलं की ठिणगीला जास्त उडी घ्यावी लागते आणि मिसिंग सुरू होतं.

५. धुराचे तीन रंग

*पांढरा आणि लगेच विरणारा.* डिसेंबरच्या सकाळी इंदूरला पारा बराच उतरतो आणि दारोदार गाड्या पांढरा धूर सोडतात. तो धूर नसून वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये त्याचं धुकं होतं आणि नळीतून थेंबही गळतात. सायलेन्सर तापला की हे थांबतं. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट नसतं, त्यामुळे कारसारखी कूलंट जळण्याची भीतीही नसते.

*काळा.* चुलीत हवा पोचेल एवढी जागा न ठेवता लाकडं कोंबली की भांड्यांची बुडं काळी होतात. रिच मिश्रणाचं तसंच आहे: पेट्रोलला पुरेशी हवा मिळत नाही आणि उरलेल्या कार्बनची काजळी बाहेर पडते. चोक ओढलेला राहिलाय का, ते आधी पाहा. मग एअर फिल्टर. त्यानंतर कार्ब्युरेटरचा फ्लोट आणि त्याची सुई पाहा. सुई झिजली की पेट्रोल थांबत नाही, ओव्हरफ्लो होतं. काही वेळा हे पेट्रोल इंजिनात उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर सुई दुरुस्त करून ऑइल लगेच बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. काळ्या धुरासाठी बोअरचं, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या पोकळीचं, काम कुणी सुचवलं तर थांबा. काळ्या धुराचा आणि बोअरचा थेट संबंध नाही.

*निळसर आणि रेंगाळणारा.* इंजिन ऑइल जळतंय. खरी तपासणी इथे सुरू होते.

६. निळा धूर कधी येतो?

ऑइल जळण्याच्या जागेपर्यंत प्रामुख्यानं दोन वाटांनी पोचतं. वरून, व्हॉल्व्हच्या दांडीवरची रबरी सील कडक झाली की. किंवा खालून, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजले की. पहिल्या दुरुस्तीला हेड उतरतं. दुसरीला ब्लॉक लेथवर जातो, बोअर मोठा होतो आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर वाढीव मापाचा पिस्टन टाकावा लागतो. खर्चात मोठा फरक आहे, म्हणून वाट ओळखायलाच हवी.

सकाळी पहिल्या किकला निळा लोट आला आणि दोन मिनिटांत थांबला, तर रात्रभर सीलमधून झिरपलेलं ऑइल जळलं. दोष सीलचा.

घाटातली परीक्षा आणखी बोलकी असते. महूकडून जामगेटचा घाट उतरून मंडलेश्वरला जाताना रेस बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरतो. रेस बंद असताना इंजिन हवा जोरानं ओढू पाहतं, पण कार्ब्युरेटरची वाट बंद असते. त्या ओढीनं सैल सीलमधून ऑइल आत येतं. उतार संपल्यावर रेस देताच मागे निळा लोट निघाला, तर बोट पुन्हा सीलकडे. शहरात हीच गोष्ट सिग्नल सुटल्यावर दिसते.

याउलट चढावर, डबलसीट, रेस पिळलेली असताना सतत निळा धूर येत असेल आणि इंजिनाच्या ब्रीदर पाइपातूनही तेलकट धूर निघत असेल, तर रिंगा आणि बोअर. जळणाचा दाब रिंगांना ओलांडून खाली जातोय आणि ऑइल वर येतंय.

खात्री करायची साधी रीत अशी. कॉम्प्रेशन गेज लावून, रेस पूर्ण उघडून सात-आठ किका मारा आणि आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर ऑइलनं रिंगांच्या फटी तात्पुरत्या भरल्या, म्हणजे झीज रिंगांत आहे. दोन्ही वेळा आकडा कमीच राहिला तर दाब व्हॉल्व्हमधून निसटतोय.

हे सगळं करण्यापूर्वी डिपस्टिक पाहा. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं असेल तर ते ब्रीदरमधून एअर फिल्टरकडे फेकलं जातं आणि धूर निघतो. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून पातळी पाहायची असते. आवळून पाहिली की पातळी जास्त दिसते आणि गाडी कमी ऑइलवर चालत राहते.

निळ्या धुरानं घाबरायचं किती, तेही मोजता येतं. समजा १,००० किलोमीटरमध्ये २०० मिलिलिटर ऑइल कमी झालं. ताशी ४० च्या वेगानं हे अंतर २५ तासांचं. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला २,००० जळणं, म्हणजे २५ तासांत ३० लाख. प्रत्येक जळणात ऑइल गेलं एका मिलिलिटरचा पंधराहजारावा भाग. इतक्या कमी ऑइलचाही धूर मागच्याला दिसतो. म्हणून धुराच्या दाटपणावरून निकाल देऊ नये. ऑइल मोजून द्यावा. अशा अनेक गाड्यांत एकूण ऑइल एक लिटरच्या आसपासच असतं. थोडं कमी होत असेल तर दर आठवड्याला पातळी पाहून भर घालत गाडी बरेच दिवस चालते. काही शे किलोमीटरमध्येच पातळी खालच्या खुणेच्या खाली जात असेल तर काम टाळू नये, कोरडं पडलेलं इंजिन क्रँकसकट बसतं.

७. आरएक्स १०० आणि येझदीवाल्यांसाठी

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबर जळावं अशीच रचना असते, त्यामुळे हलका निळा धूर नेहमीचा. तो अचानक दाट झाला तर आधी टू-टी ऑइलचं प्रमाण आणि पंपाची सेटिंग पाहा. प्रमाण ठीक असूनही धूर दाट आणि गिअर ऑइलची पातळी घटत चाललेली, तर क्रँकचं सील गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल ओढतंय. उलट, धूर कमी करण्यासाठी टू-टी ऑइल कमी करत जाणं ही फार महागात पडणारी बचत आहे. पिस्टनला दुसरं वंगण मिळतच नाही.

८. पीयूसीची पावती

आपल्या खिशात एक तपासणी अहवाल असतो आणि आपण तो फक्त पोलिसांना दाखवतो. पीयूसीच्या पावतीवर दोन आकडे असतात: कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती. पहिला वायू हवा कमी पडलेल्या जळणातून येतो. दुसरा म्हणजे न जळलेलं पेट्रोल किंवा ऑइल.

एप्रिल २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींसाठी ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम ही मर्यादा ठरली होती. समजा एका गाडीचा कार्बन मोनॉक्साइड ४.८ टक्के आणि हायड्रोकार्बन १,२०० आला. पेट्रोल पेटतंय, पण हवा कमी आहे. मिश्रण रिच, तेव्हा फिल्टर आणि कार्ब्युरेटर पाहा. दुसऱ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड ०.६ टक्के पण हायड्रोकार्बन ५,२०० आला. पेट्रोल पेटल्यावाचून राहतंय, म्हणजे मिसिंग. प्लग, वायर, टॅपेट पाहा. मिश्रण फार लीन असलं तरीही असंच होतं. दर वेळची पावती जपून ठेवली तर इंजिनाची घसरण आकड्यांत दिसते.

तपासणी कुठेही करा, बंद खोलीत किंवा शटर पाडलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

९. कामाचा क्रम

स्वस्त ते महाग असाच क्रम ठेवावा. आधी ऑइलची पातळी, चोक, टाकीचं झाकण, एअर फिल्टर. मग प्लग, कॅप, वायर. मग पेट्रोलचा नमुना आणि कार्ब्युरेटरची सफाई. मग थंड इंजिनात टॅपेट. मग कॉइल आणि सीडीआय दुसऱ्या गाडीचे लावून. त्यानंतर कॉम्प्रेशनची तपासणी, आणि तिचा आकडा सांगेल तेव्हाच हेड किंवा ब्लॉक. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून पाहा. तीन भाग एकदम बदलले तर गाडी सुधारेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि दोन भागांचे पैसे वाया जातील.

ही सगळी कामं स्वतः करता आली पाहिजेत असं नाही. चांगला मेकॅनिक आवाजावरून बरंच ओळखतो, पण गाडी त्याच्या दारात उभी असताना सकाळची थंडी नसते, घाट नसतो, पाऊस नसतो. ती माहिती फक्त रोज चालवणाऱ्याकडे असते. "धूर काढते, बघा जरा" असं म्हणून किल्ली देण्याऐवजी सांगा: "सकाळी पहिल्या किकला निळा धूर येतो, दोन मिनिटांत थांबतो. हजार किलोमीटरला शंभर मिली ऑइल कमी होतं. चढावर धूर नाही." इतकं सांगणाऱ्याच्या गाडीचा ब्लॉक विनाकारण लेथवर जात नाही.